मज्जासंस्थेचे भाग : बिघाडावरून जागा कशी ओळखतात?

शेवंती

प्रमस्तिष्क (मोठा मेंदू), अनुमस्तिष्क (छोटा मेंदू), मस्तिष्कपुच्छ, मेरुरज्जू (मज्जारज्जू). दहावीत ही नावं आपण सगळ्यांनीच पाठ केली आणि आकृतीला नावं देऊन मार्कही मिळवले. पुढे घरात कुणाला अर्धांगवायू होतो, कुणाच्या तळपायाला मुंग्या येतात, तेव्हा डॉक्टर त्याच भागांची नावं घेऊन बोलतात आणि आपण नुसती मान डोलावतो. मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरच्यांना हा नकाशा समजावण्यात माझा बराच वेळ जातो आणि तो सत्कारणी लागतो, कारण बिघाड नेमका कुठे आहे हे ज्या घराला कळलेलं असतं तिथे व्यायाम टिकतात. म्हणून हा धागा. माझं म्हणणं एवढंच आहे की मज्जासंस्थेचा प्रत्येक भाग बिघडला की आपली ओळख स्वतःच सांगतो. ती ओळख धरून नावं शिकली तर ती जन्मभर विसरत नाहीत.

ढोबळ विभागणी आधी सांगते. कवटीतला मेंदू आणि मणक्यांच्या पोकळीतला मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती संस्था. तिथून बाहेर पडून अंगभर पसरलेल्या नसा म्हणजे परिघीय संस्था : मेंदूतून १२ जोड्या, मज्जारज्जूतून ३१ जोड्या. आणि या दोन्हींतून वाट काढत जाणारी, आपल्याला न विचारता हृदय, आतडी, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या सांभाळणारी ती स्वायत्त संस्था.

मेंदूचं वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास. पण आपण स्वस्थ बसलेले असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो घेतो. साठा मात्र जवळ काहीच ठेवत नाही. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. जिवंत मेंदू ताज्या खरवसासारखा मऊ असतो, म्हणून तर त्याला कवटी, तीन आवरणं आणि भोवती पाणी असा बंदोबस्त आहे. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत, आणि त्यातल्या बहुतेक, म्हणजे जवळजवळ ८० टक्के, मागच्या बाजूच्या छोट्या मेंदूत आहेत. मोठ्या मेंदूच्या सालीत जेमतेम १६०० कोटी.

ती साल दोन ते चार मिलिमीटर जाडीची. बोलणं, विचार, निर्णय, स्पर्शाची जाण, मनात आणून केलेली प्रत्येक हालचाल तिथली. हालचालीची जी पट्टी आहे तिच्यात हाताला आणि चेहऱ्याला पाठ-पोटापेक्षा कितीतरी जास्त जागा आहे. पायाची जागा पट्टीच्या वरच्या टोकाला, दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत जाते. आता गंमत बघा. हात आणि चेहऱ्याच्या जागेला रक्त देणारी धमनी वेगळी, पायाच्या जागेला देणारी वेगळी. पहिल्या धमनीत गुठळी अडकण्याचं प्रमाण जास्त. म्हणून पेशंट महिना-दोन महिन्यांत काठी घेऊन चालायला लागतो, पण हाताची मूठ उघडत नाही. घरचे म्हणतात, "पाय सुधारला मग हात का नाही, हा मनावर घेत नाही." मनावर घेण्याचा प्रश्नच नसतो. हाताचं नुकसानच मोठं झालेलं असतं, आणि बोटांच्या बारीक हालचालींना लागणारी जागाही मोठी असते.

डाव्या मेंदूचा झटका उजव्या अंगावर येतो, कारण खाली उतरणारे बहुतेक तंतू मस्तिष्कपुच्छात बाजू बदलतात. छोट्या मेंदूचं तसं नाही. त्याचा डावा भाग बिघडला तर डावंच अंग बिघडतं. शिवाय ताकद जात नाही, मापं चुकतात. पेशंटला नाकाला बोट लावायला सांगितलं की बोट नाकाजवळ येता येता थरथरतं आणि गालावर आदळतं. कप उचलतो, पण चहा सांडतो. पाय फाकवून, झोकांड्या देत चालतो. अशा माणसाला लोक दारुड्या समजतात आणि ते मला फार लागतं.

मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा मस्तिष्कस्तंभ (मस्तिष्कपुच्छ हा त्याचाच खालचा भाग) आकाराने लहान, पण श्वास, गिळणं, जाग, डोळ्यांची हालचाल सगळं तिथे दाटीवाटीने बसलेलं. १२ पैकी १० जोड्या नसा तिथूनच निघतात. दुसरीकडे ज्या आकाराच्या इजेने फारसं काही जाणवणारही नाही, तेवढीच इजा इथे जीव घेऊ शकते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात मृत्यू ठरवण्यासाठी मस्तिष्कस्तंभच धरला आहे, तो यामुळेच.

मज्जारज्जू ४२ ते ४५ सेंटीमीटर लांब. पाठीचा कणा खाली माकडहाडापर्यंत जातो, पण रज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली नुसत्या नसांचा झुबका लोंबतो. इजा जितकी वर तितकं नुकसान जास्त. श्वासाचा पडदा चालवणारी नस मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते. त्याच्या वर रज्जू तुटला तर स्वतःचा श्वास उरत नाही. त्याच्या खाली, पण मानेतच तुटला तर श्वास राहतो आणि हात अर्धेमुर्धे. पाठीच्या मध्यावर तुटला तर हात शाबूत, पाय जातात. आंबे उतरवताना, बांधकामावर पडलेली पोरं माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न पातळीचाच असतो. तिच्यावरून पुढच्या आयुष्याचा आराखडा ठरतो. आणि पडलेल्या माणसाला चौघांनी हात-पाय धरून उचलू नका, कृपा करून. फळीवर सरळ ठेवून, मान न हलवता न्या.

परिघीय आणि स्वायत्त भागाबद्दल प्रतिसादांतून बोलू.

अबोली

छान धागा, वाचनखूण साठवली. बाबांना गेल्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्यांना सगळं समजतं, पेपर पुढे धरला की बातमी वाचून डोळ्यांत पाणी येतं, पण तोंडातून "हां हां" एवढंच निघतं. एक विचारायचं होतं. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी सर्वांत आधी त्यांना भुवया वर करायला आणि डोळे घट्ट मिटायला सांगितलं होतं. चेहरा वाकडा झालेला तर उघड दिसत होता, मग हे कशासाठी?

शेवंती

अबोली, त्या एका तपासणीत फार मोठा निर्णय असतो. चेहऱ्याचा खालचा भाग एकाच, म्हणजे विरुद्ध बाजूच्या मेंदूकडून चालतो. कपाळाला मात्र दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. म्हणून मेंदूत झटका असेल तर ओठ ओघळतो, पण कपाळाला आठ्या घालता येतात, डोळाही बऱ्यापैकी मिटतो. उलट कवटीतून बाहेर पडलेली सातवी नसच सुजली असेल तर अर्धा चेहरा पूर्ण जातो. आठी पडत नाही, डोळा मिटत नाही, पाणी गळतं. त्याला बेल्स पाल्सी म्हणतात आणि त्यातले बहुतेक लोक काही आठवड्यांत ते महिन्यांत बरे होतात. बिघाड मेंदूत की नसेत, हे कपाळ सांगतं. घरी मात्र कुणी हा निकाल लावत बसू नये. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं यातलं काहीही अचानक झालं की सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

बाबांच्या बोलण्याबद्दल : १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्याकडे एक पेशंट होता. त्याला बोलणं समजायचं, पण तोंडातून "टान" एवढा एकच उच्चार निघायचा. तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू तपासला. डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागात इजा सापडली. मेंदूच्या एका ठरावीक जागेला एक ठरावीक काम असतं, हे मान्य व्हायला त्या पेशंटमुळे मोठी मदत झाली. तुमच्या बाबांचं वर्णन त्याच जागेशी जुळतं. अशा पेशंटना बोलता येत नसलेले शब्द कधीकधी गाता येतात. बाबांना पाठ असलेला अभंग किंवा आरती त्यांच्याबरोबर म्हणून बघा. स्पीच थेरपिस्टही गाण्याचा असा उपयोग करतात. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी, ते खोलीत नसल्यासारखं, कुणालाही बोलू देऊ नका.

विज्ञानमास्तर

शेवंतीताई, उत्तम लिहिलंत. शाळेत हा धडा बरीच वर्षं शिकवला. मुलांना सर्वांत आवडतो तो भाग म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणून त्यावर थोडं.

टेबलावर पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोकलं की पाय उडतो. इथे संदेश मांडीच्या स्नायूतून कमरेच्या पातळीवर मज्जारज्जूत जातो, एकच जोड ओलांडतो आणि लगेच परत फिरतो. मेंदूला खबर नंतर लागते. "सर, मी पाय नाही उडवला, तो उडाला," असं मुलं म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे.

दुसरं, ठेच. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी एक लख्ख कळ येते आणि मग क्षणभराने ठणका सुरू होतो. तो क्षण सगळ्यांनी अनुभवलेला असतो, पण असं का होतं ते फार थोड्यांना ठाऊक असतं. वेदना वाहणारे तंतू दोन जातींचे आहेत. एकावर मायलिन नावाच्या चरबीचं पातळ वेष्टण असतं, तो सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने निरोप नेतो. दुसरा उघडा, त्याचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंत मीटरभर अंतर धरा म्हणजे सेकंदाचा फरक हिशेबाने निघतो. स्नायूंकडे जाणाऱ्या जाड तंतूंचा वेग तर सेकंदाला १०० मीटरच्याही पुढे जातो. सातवीतल्या मुलालाही हा भागाकार जमतो आणि स्वतःच्या शरीरातली गोष्ट आकड्यात सापडल्याचा त्याला फार आनंद होतो.

पेशींबद्दलही एक सांगतो. १८७३ मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळी रंगवण्याची पद्धत काढली. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच पद्धत वापरून दाखवलं की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. गोल्जींना मात्र सगळं एकसंध जाळं वाटत होतं. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं आणि त्या व्यासपीठावरही दोघे आपापल्या मतावर ठाम होते. पुढे काहालच बरोबर ठरले. मग दोन पेशींमधली फट निरोप कसा ओलांडतो? १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाची व्हेगस नस (मेंदूतून हृदयाकडे येणारी) उत्तेजित केली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्यावर सोडलं, तर तेही मंदावलं. म्हणजे नसेच्या टोकाशी काहीतरी रसायन सुटतं. एवढ्या साध्या प्रयोगाने केवढा मोठा प्रश्न सुटला!

सावित्रीकाठ

मास्तरांनी व्हेगसचं नाव काढलंच आहे तर स्वायत्त संस्थेवर आमच्या महाडचा विंचू यायलाच हवा.

कोकणात लाल विंचू चावला की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय ते विसरत नाहीत. दंशाच्या जागी कधी फारशी कळही नसते. पण माणसाला दरदरून घाम फुटतो, इतका की अंगातला सदरा पिळावा. उलट्या, तोंडाला लाळ. हातपाय बर्फासारखे गार. नाडी आधी मंद, मग भरधाव. काही तासांत दम लागतो आणि तोंडातून फेस येतो. आमच्या लहानपणी गावात अशा वेळी विंचू उतरवणाऱ्याला बोलावत, आणि लहान मुलं हातची जात.

डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी ही लक्षणं कोणत्या क्रमाने येतात ते टिपलं. विष नसांच्या पडद्यातली सोडियमची दारं उघडी धरून ठेवतं, त्यामुळे नसा थांबायचं नाव घेत नाहीत. आधी लाळ, उलटी, मंद नाडी, म्हणजे स्वायत्त संस्थेची परानुकंपी, नाडी मंदावणारी बाजू पेटली. मग तिची दुसरी, नाडी पळवणारी अनुकंपी बाजू पेटते. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं. त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरायला सुरुवात केली. ती रक्तवाहिन्यांचं आवळणं सोडवते. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह हे काम १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. पूर्वी अशा गंभीर रुग्णांत सुमारे ३० टक्के दगावत, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. पुढे हाफकिनची विंचवावरची प्रतिलस आणि प्राझोसिन एकत्र देऊन पाहिलेली त्यांची चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अनुकंपी-परानुकंपी हे शब्द पुस्तकात रूक्ष वाटतात. आमच्या तालुक्यात त्या दोन शब्दांतला फरक कळल्यामुळे माणसं जगली आहेत, म्हणून मला हे इथे लिहावंसं वाटलं.

शेवंती

सावित्रीकाठ, फार मोलाचा प्रतिसाद. यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. फक्त एक पुस्ती : अनुकंपी बाजूचे तंतू पाठीच्या आणि कमरेच्या वरच्या पातळीतून निघतात. परानुकंपीचे मस्तिष्कस्तंभातून आणि अगदी खाली, माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीच्या पातळीतून. मज्जारज्जू मानेत तुटलेल्या पेशंटमध्ये अनुकंपीला मेंदूकडून येणारे हुकूम तुटतात, व्हेगस मात्र चालू राहते. म्हणून त्याची नाडी मंद असते आणि रक्तदाब पडलेला. पलंगावरून एकदम उठवून बसवलं तर त्याला भोवळ येते, ती अशक्तपणामुळे नव्हे.

धानबांधी

आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडची एक गोष्ट विचारतो. धान निघायच्या आधी बांधीत लाखोळी टाकतात, तिची डाळ आम्ही खातो. आजोबा सांगायचे की दुष्काळात महिनोन्‌महिने नुसती लाखोळी खाऊन लोकांचे पाय गेले. १९६१ मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. गावात पोलिओ झालेलेही दोघं-तिघं आहेत. दोघांचेही पायच गेलेले, पण चाल अगदी निराळी दिसते. असं का?

शेवंती

तुमची नजर चांगली आहे. या दोन चालींमधला फरक म्हणजे मज्जासंस्थेतला सर्वांत कामाचा फरक.

हालचालीचा हुकूम दोन टप्प्यांत जातो. पहिली पेशी मोठ्या मेंदूच्या सालीत, तिचा तंतू मज्जारज्जूत उतरतो. तिथे दुसरी पेशी, तिचा तंतू बाहेर पडून स्नायूला भिडतो. लाखोळीतल्या ओडॅप नावाच्या विषारी द्रव्याने पहिला टप्पा मरतो, मुख्यतः पायांकडे जाणारा. दुसरा शाबूत असतो, पण त्याच्यावर वरून लगाम उरत नाही. म्हणून पाय ताठ होतात, टाचा टेकत नाहीत, माणूस चवड्यावर पाय ओढत चालतो आणि गुडघे एकमेकांत अडकतात. गुडघ्यावर ठोकलं तर पाय नेहमीपेक्षा जोरात उडतो. पोलिओचा विषाणू दुसरा टप्पा, म्हणजे मज्जारज्जूतल्या पुढच्या बाजूच्या पेशी मारतो. स्नायूपर्यंत काहीच पोचत नाही. पाय लुळा, बारीक होत गेलेला, आणि ठोकलं तरी उडत नाही. दोन्हींत स्पर्शाची जाणीव टिकून राहते, कारण ती वाहणारे तंतू वेगळे आहेत.

अर्धांगवायू हा पहिल्या टप्प्याचा बिघाड आहे. सुरुवातीला अंग सैल पडतं, काही आठवड्यांनी ताठरपणा येतो. सैल असताना व्यायाम टाळले की ताठ झाल्यावर सांधे आखडलेले सापडतात.

लाखोळी अधूनमधून, इतर धान्याबरोबर खाण्यात आणि तिच्यावरच महिने काढण्यात मोठा फरक आहे. डाळ भरपूर पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की विष बरंच कमी होतं. पोलिओचा आपल्याकडचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. माझ्याकडे आता येतात ते जुने रुग्ण, पन्नाशी-साठीतले, थकलेल्या स्नायूंच्या तक्रारी घेऊन.

सिंहगडपायथा

२०२५ च्या जानेवारीत आमच्या पुण्यातल्या सिंहगड रोड परिसरात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम) साथ आली होती. आमच्या सोसायटीतला एक कॉलेजचा मुलगा सापडला त्यात. आधी दोन दिवस जुलाब झाले होते. आठवड्याभराने जिना चढताना पाय गोळा झाले, दुसऱ्या दिवशी हात, मग थेट व्हेंटिलेटर. एमआरआयमध्ये मेंदू स्वच्छ. आई-वडिलांना कळेना, मेंदू चांगला आहे तर पोरगा हलत का नाही! आता चालतो तो, पण पाऊल अजून आपटतं. हा बिघाड नकाशात कुठे बसतो?

शेवंती

परिघीय नसांत. दोनशेहून जास्त संशयित रुग्ण झाले होते तेव्हा, आणि कॅम्पायलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून येणारा जिवाणू त्यामागे सापडला. शरीराची प्रतिकारशक्ती त्या जिवाणूशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर उलटते. मास्तरांनी सांगितलेलं मायलिन, त्यावर हल्ला होतो, आणि काही जणांत आतल्या तंतूवरही. वेष्टण गेलं की निरोप वाटेतच विरतो. सुरुवात बहुधा पायांपासून होते आणि अशक्तपणा वर चढतो. गुडघा ठोकला तर उडत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू पूर्ण शाबूत, म्हणून मुलाला व्हेंटिलेटरवरही सगळं ऐकू येतं, समजतं. हे मी मुद्दाम लिहितेय. आयसीयूत त्याच्याशी बोलणारं माणूस हवं.

परिघीय नसांचा एक मोठा गुण म्हणजे त्या पुन्हा वाढू शकतात. आतला तंतू तुटला असेल तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंतचा हिशेब करा म्हणजे पाऊल सुधारायला वर्ष का लागतं ते कळेल. मेंदू आणि मज्जारज्जूतले लांब तंतू असे परत वाढत नाहीत. त्या मुलाला पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट वापरायला सांगा, आणि व्यायाम दमेपर्यंत नको.

जुईचा मांडव

आईला बारा वर्षांपासून मधुमेह. दोन्ही तळपाय बधिर, मोजे घातल्यासारखं वाटतं म्हणते. शेजारचे काका म्हणतात सायटिका आहे, मालिश करा. शिवाय हल्ली ती बेसिनवर तोंड धुताना हेलकावते, दोनदा पडता पडता वाचली. आम्ही शुद्ध शाकाहारी, आईला दूधही चालत नाही.

शेवंती

सायटिका सहसा एका पायात, कमरेतून नितंबामागून एका पट्ट्यात उतरते, कारण तिथे एखाद-दुसरं मूळ दाबलेलं असतं. मधुमेहात दोन्ही पाय सारखेच, बोटांपासून वर, कारण सर्वांत लांब नसा आधी मार खातात. आईचं वर्णन दुसऱ्यात बसतं. पायांना चटका, काटा कळत नाही, म्हणून रोज रात्री तिचे तळवे तुम्ही स्वतः बघा. गरम पाण्याची पिशवी अजिबात नको.

बेसिनवरच्या हेलकाव्याकडे मात्र जास्त लक्ष द्या. पाय कुठे आहे हे मेंदूला सांगणारे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने वर जातात. ते कमी पडले तरी डोळ्यांनी बघून आपण भागवतो. तोंड धुताना डोळे मिटले की तो आधार जातो आणि माणूस हेलकावतो. जीवनसत्त्व बी १२ कमी पडलं की नेमके हेच तंतू खराब होतात, आणि पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवून दिलंय की आपल्याकडे बी १२ ची कमतरता खूप पसरलेली आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिनही ते आणखी कमी करते. याच आठवड्यात रक्त तपासून घ्या. लवकर इंजेक्शनं सुरू झाली तर बरंच परत मिळतं, उशीर झाला तर नाही. तोवर बेसिनशेजारी पकडायला दांडी बसवा आणि मालिश थांबवा.

कैरीपन्हं

छोट्या मेंदूबद्दल वाचून विचारतेय. सासरच्या नात्यात तीन पिढ्या चाल बिघडण्याचा आजार आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी चालीआधी डोळ्यांची हालचाल तपासली. त्याचा काय संबंध?

शेवंती

छोट्या मेंदूच्या आनुवंशिक आजारांचे बरेच प्रकार आहेत. त्यातला एक भारतातूनच जगाला कळला. मुंबईचे डॉ. नोशिर वाडिया यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांचा अभ्यास मांडला. त्या रुग्णांची चाल तर बिघडलेली होतीच, पण नजर एका वस्तूवरून दुसरीकडे न्यायला त्यांना फार वेळ लागायचा. निरोगी डोळा झटक्यात उडी मारतो, यांचा सावकाश सरकायचा. ही उडी मस्तिष्कस्तंभातून चालते. म्हणजे आजार छोट्या मेंदूपुरता नाही, स्तंभातही शिरलाय, हे डोळ्यांवरून समजतं. त्याचं जनुकही पुढे सापडलं. घरात लग्नाची मुलं असतील तर अनुवंशसल्ला देणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटा.

नवाबाबा

पुढच्या महिन्यात बायकोचं सिझेरियन ठरलंय. भूलतज्ज्ञ पाठीत इंजेक्शन देणार. सासूबाई आणि माझी आई दोघी हटून बसल्यात की पाठीत सुई गेली की जन्माची कंबरदुखी लागते, मज्जारज्जूला धक्का लागून पायही जाऊ शकतात. पूर्ण भूल द्या म्हणतात. खरं काय?

शेवंती

नवाबाबा, वर लिहिलेली एक गोष्ट इथे कामाची आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, साधारण तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मध्ये. तिथे पाणी आणि त्यात लोंबणाऱ्या सुट्या नसा असतात, त्या सुईच्या टोकापासून बाजूला सरकतात. औषध त्या पाण्यात मिसळतं आणि नसांची मुळं दोन-तीन तास गप्प करतं. हे पाणी एकूण दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं आणि दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर नवं तयार होतं, त्यामुळे थेंबभर निघालं तरी काही बिघडत नाही.

सुई टोचली तिथे काही दिवस दुखतं. जन्माची कंबरदुखी त्याने लागत नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती पोटाचे स्नायू सैल झाल्यामुळे, वाकून बाळाला घेण्यामुळे, रात्र रात्र पाठीला आधार न देता अंगावर पाजण्यामुळे. सुई न घेतलेल्यांचीही दुखते. काही जणींना उठून बसलं की डोकं दुखतं, छिद्रातून पाणी झिरपल्यामुळे. हल्लीच्या बारीक सुयांनी ते कमी झालंय आणि त्यावर उपाय आहेत.

एक गोष्ट बायकोला आधी सांगून ठेवा. इंजेक्शननंतर लगेच मळमळ, गरगर वाटू शकतं. अनुकंपी तंतू त्याच पातळ्यांवर बधिर होतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. भूलतज्ज्ञ त्यासाठी सलाइन आणि औषध हाताशी ठेवूनच बसलेले असतात. तिने फक्त "मला कसंतरी होतंय" असं लगेच सांगायचं. तिला रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, किंवा पाठीचं आधी ऑपरेशन झालं असेल, तर ते मात्र भूलतज्ज्ञांना आजच कळवा.

नवाबाबा

गोळ्या नाहीत, ऑपरेशनही नाही. हा प्रतिसाद दोघींना वाचून दाखवला. सासूबाईंनी विचारलंय की बाळंतिणीने पाजताना पाठीला उशी नेमकी कुठे लावायची.

शेवंती

कमरेच्या खोलगट भागात एक, आणि मांडीवर दुसरी, म्हणजे बाळ छातीच्या उंचीला येईल आणि तिला वाकावं लागणार नाही. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट ठेवा.